न्यूरॉलॉजीतून निद्राविकारांकडे वळताना

ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) वाचता येतो म्हणजे स्लीप स्टडीही (झोपेतल्या लहरी, श्वास आणि हालचालींची रात्रभराची नोंद) वाचता येईल, असं समजून बरेच न्यूरॉलॉजिस्ट येतात. आठ तासांच्या झोपेची प्रत्येकी ३० सेकंदांची ९६० पानं होतात. त्यातले झोपेचे टप्पे ओळखणं तुम्हाला जमेल. अडतं ते श्वासावर. लॅबमध्ये येणारे बरेचसे रुग्ण घोरणारे असतात आणि तिथे छातीविकारतज्ज्ञ तुमच्या पुढे असतात.

तेव्हा आधी सेन्सर शिका. श्वासाचा प्रवाह किमान ९०% घटून १० सेकंद तसाच राहिला, तर अ‍ॅप्निया, म्हणजे श्वास थांबणं. छाती-पोटाचे पट्टे हलत असतील तर वाट अडलेली, दोन्ही स्थिर असतील तर मेंदूकडूनच आदेश आलेला नाही. पट्टा सैल असला की पहिला प्रकार दुसऱ्यासारखा दिसतो. तोंडाने श्वास घेणाऱ्याची नाकाच्या प्रेशरची रेघ सपाट होते. थर्मिस्टर (नाकातोंडाच्या श्वासाची उष्णता टिपणारा सेन्सर) पाहिल्याशिवाय अ‍ॅप्निया लिहू नका. ईईजीत घामाने येणाऱ्या संथ लाटा गाढ झोपेसारख्या वाटतात. हे सगळं पुस्तकात आहेच, पण डोळ्यांत बसतं ते टेक्निशियनबरोबर काही रात्री काढल्यावर.

नार्कोलेप्सीसाठी (दिवसा अनावर झोप येण्याचा विकार) दिवसाची एमएसएलटी करतात: दोन-दोन तासांनी पाच डुलक्या. झोप लागण्याचा सरासरी वेळ ८ मिनिटं किंवा कमी आणि निदान दोनदा लगेच आरईएम (स्वप्नांची) झोप, हा निकष. चाचणी फसते ती बहुधा आधीच. आदल्या रात्री सहा तास झोप झालेली नसते, दोन आठवड्यांची झोपेची नोंद कुणी मागितलेली नसते, किंवा नैराश्याचं औषध चालू असतं. ते आरईएम दाबतं. आणि चाचणीच्या तोंडावर बंद केलं, तर आरईएम उसळून खोटं निदान हाती येतं.

तुमची खरी कमाई झोपेत ओरडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या रुग्णांत आहे. रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागात, गोंधळलेला आणि सकाळी काही न आठवणारा: बहुधा गाढ झोपेतला पॅरासोम्निया (झोपेतलं विचित्र वागणं). एका रात्रीत अनेकदा, थोडाच वेळ आणि दर वेळी हुबेहूब तशीच हालचाल: फ्रंटल (मेंदूच्या पुढच्या भागातून येणाऱ्या) फिट्सचा संशय घ्या, ईईजी स्वच्छ असला तरी. शेजारी झोपणाऱ्याने काढलेला मोबाइल व्हिडिओ इथे फार उपयोगी पडतो.

पहाटेकडे स्वप्नातली मारामारी प्रत्यक्ष करणारा उतारवयातला रुग्ण आरईएम बिहेवियर डिसऑर्डरचा असू शकतो. अशांपैकी बऱ्याच जणांना पुढे पार्किन्सन्स किंवा ल्युई बॉडी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) होतो, आणि तो टाळणारं औषध नाही. पुढचं कितपत ऐकायचंय, हे आधी त्यांनाच विचारा. पलंगाजवळची काच आणि टोकदार फर्निचर हलवायला मात्र त्याच भेटीत सांगा.