एमबीए नसताना कन्सल्टिंगमध्ये प्रवेश: तयारी कशाची आणि कोणत्या क्रमाने

मॅनेजमेंट कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना त्यांच्या कारभाराविषयी सल्ला देण्याच्या, व्यवसायाचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्यातील काहींच्या पदवीचा व्यवस्थापनाशी काडीचाही संबंध नव्हता. आर्थर डी. लिटल या कंपनीचा इतिहास १८८६ पासून सुरू होतो आणि तिचे संस्थापक रसायनशास्त्रज्ञ होते. १९७३ मध्ये बेन अँड कंपनी उभी करणारे बिल बेन इतिहासाचे पदवीधर होते. या गोष्टींनी धीर येतो, परंतु मुलाखत घेणाऱ्यापुढे त्यांचा उपयोग नाही. अपुरी माहिती हाती असताना हा उमेदवार अर्ध्यापाऊण तासात एखाद्या प्रश्नाची उकल कशी करतो आणि ती क्लायंटसमोर मांडता येईल अशा भाषेत सांगू शकतो का, एवढेच त्याला पाहायचे असते. एमबीएची पदवी नसल्यामुळे राहून गेलेली माहिती सहा ते आठ आठवड्यांत भरून काढता येते. विचार मांडण्याची सवय बदलायला मात्र त्याहून बराच अधिक वेळ लागतो, आणि म्हणूनच पुढील यादीत तिला इतर बाबींपेक्षा जास्त जागा दिली आहे.

सर्वांत आधी आपण कोणत्या दाराने आत जाणार आहोत हे ठरवावे, कारण बाकीची सगळी तयारी त्यावर अवलंबून असते. मॅकिन्झी या मोठ्या सल्लागार कंपनीमध्ये नुकत्याच पदवीधर झालेल्यांना साधारणपणे बिझनेस ॲनालिस्ट म्हणून घेतात, तर पीएचडी झालेल्यांना किंवा वैद्यक आणि कायद्याची उच्च पदवी असलेल्यांना बहुधा असोसिएट या पदावर, म्हणजे एमबीए झालेल्यांच्याच पायरीवर, घेतात. बीसीजीचा (बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपचा) ‘ब्रिज टू बीसीजी’ हा कार्यक्रम अशाच उच्च पदवीधरांसाठी आहे, आणि एल.ई.के.सारख्या कंपनीत जीवशास्त्रातील पीएचडीधारकांना औषधनिर्माण क्षेत्राच्या कामासाठी मुद्दाम घेतले जाते. सात-आठ वर्षे एखाद्या उद्योगात काढलेल्या माणसाचे दार आणखी वेगळे असते. त्याच्याकडून त्या क्षेत्राची खोल जाण अपेक्षित असते, म्हणून त्याने नवख्या पदवीधरांच्या रांगेत उभे राहून आपला अनुभव वाया घालवू नये. याशिवाय डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी यांचे कन्सल्टिंग विभाग, एकाच क्षेत्रात काम करणाऱ्या लहान सल्लागार कंपन्या आणि मोठ्या उद्योगसमूहांचे स्वतःचे स्ट्रॅटेजी विभाग हेही रस्ते आहेत. मॅकिन्झी, बीसीजी आणि बेन या तीन मोठ्या नावांखेरीज काहीच न पाहणारा उमेदवार स्वतःच्या संधी विनाकारण कमी करतो, असे माझे मत आहे.

दार ठरले की अर्जाची शेवटची तारीख शोधून तिथून मागे मोजत वेळापत्रक आखावे. नोकरी किंवा संशोधन सांभाळून तयारी करणाऱ्याला चार-पाच महिने हाताशी असावेत. घाईने अर्ज करून पाहू, असा विचार येथे महागात पडतो, कारण नकार मिळाल्यावर पुन्हा अर्ज करण्यापूर्वी बहुतेक कंपन्या ठरावीक काळ थांबायला लावतात आणि तो वर्षाच्या पुढेही जाऊ शकतो.

आता व्यवसायाच्या मूलभूत ज्ञानाविषयी. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह यांतील फरक, स्थिर आणि बदलता खर्च, ना-नफा-ना-तोटा बिंदू, आज गुंतवलेल्या पैशाचे भविष्यातील मूल्य काढण्याची पद्धत, आणि किंमत बदलली की मागणी कशी हलते याची समज, एवढे सुरुवातीला पुरेसे आहे. व्याख्या पाठ करण्यापेक्षा आकडे घालून पाहावे. समजा, एका सेवेचे उत्पन्न १०० आहे, स्थिर खर्च ६० आणि बदलता खर्च ३०. म्हणजे नफा १० झाला. पुढच्या वर्षी ग्राहक १० टक्क्यांनी वाढले, पण त्यांना ओढण्यासाठी दर १० टक्क्यांनी उतरवला होता. वरवर पाहता दोन्ही गोष्टी एकमेकींना भरून काढतात असे वाटते, आणि उत्पन्न खरोखरच ९९ म्हणजे जवळजवळ तेवढेच राहते. बदलता खर्च मात्र ग्राहकांबरोबर ३३ वर गेला, स्थिर खर्च ६० वरच राहिला, आणि नफा ६ वर आला. उत्पन्नात एका टक्क्याची घट आणि नफ्यात ४० टक्क्यांची! हे उदाहरण ज्याला कागदाशिवाय समजावून सांगता येते, त्याला नफा का घटला या जातीच्या केसेसचा, म्हणजे मुलाखतीत सोडवायला दिल्या जाणाऱ्या व्यावसायिक प्रश्नांचा, गाभा कळला आहे, असे समजायला हरकत नाही. अशी वीस-पंचवीस उदाहरणे स्वतः रचून सोडवावीत. वाचलेल्या उदाहरणापेक्षा रचलेले उदाहरण जास्त शिकवते.

तोंडी हिशेबाचा सराव रोज पंधरा मिनिटे करावा, आणि तो कॅल्क्युलेटर न घेता. ३.४ कोटींचे १७ टक्के काढताना दहा टक्क्यांचे ३४ लाख, पाचाचे १७ लाख आणि दोनाचे ६ लाख ८० हजार असे तुकडे पाडले की ५७ लाख ८० हजार हे उत्तर बोलता बोलता मिळते. लाख-कोटीत विचार करण्याची सवय असलेल्यांनी दहा लाखांचा एक मिलियन आणि शंभर कोटींचा एक बिलियन हे रूपांतर हाताशी पक्के ठेवावे, कारण मुलाखतीतील शून्यांच्या बऱ्याच चुका येथेच होतात. अभियंते आणि भौतिकशास्त्रज्ञ हा भाग सोपा समजून सोडून देतात आणि नेमके तेच साध्या भागाकारात अडखळतात, ही थोडी गमतीची बाब आहे.

सगळ्यात कठीण काम यानंतरचे आहे. संशोधनात, वैद्यकात किंवा कायद्यात वाढलेल्या माणसाला आधी पुरावा, मग युक्तिवाद आणि शेवटी निष्कर्ष अशा क्रमाने बोलण्याची सवय असते, आणि त्या क्षेत्रांत ती योग्यही आहे. कन्सल्टिंगमध्ये हा क्रम उलटा असतो. उत्तर आधी सांगायचे, त्याखाली तीन-चार कारणे ठेवायची आणि प्रत्येक कारणाखाली त्याचा आधार द्यायचा. मॅकिन्झीत १९६३ मध्ये रुजू झालेल्या बार्बरा मिंटो यांनी या मांडणीला पिरॅमिडचे रूप दिले. त्याच परंपरेत ‘मीसी’ हा शब्द रूढ झाला, आणि त्याचा अर्थ असा की, प्रश्नाचे भाग पाडताना कोणताही घटक दोन भागांत येऊ नये आणि कोणताही घटक बाहेर राहू नये. ग्राहकांची विभागणी ‘तरुण, नोकरदार आणि स्त्रिया’ अशी केली, तर नोकरी करणारी तरुणी तिन्हींत बसते आणि निवृत्त पुरुष कुठेच बसत नाही. ही विभागणी ऐकताच मुलाखत घेणारा मनातल्या मनात खूण करतो.

ही सवय लावण्यासाठी दोन महिने दररोज एक साधा प्रयोग करावा. कामाच्या प्रत्येक ईमेलचे पहिले वाक्य निर्णय किंवा शिफारस सांगणारे असावे, आणि वाचलेल्या प्रत्येक लांब लेखाचा सारांश एका विधानात व तीन आधारांत लिहावा. दुसरी सवय त्याहून अवघड आहे: माहिती साठ-सत्तर टक्के हाती आली की कामचलाऊ उत्तर देणे, ते कोणत्या गृहीतकांवर उभे आहे हे सांगणे, आणि नवी माहिती आली की ते न कुरकुरता बदलणे. ‘यावर अधिक अभ्यास आवश्यक आहे’ हे वाक्य शोधनिबंधाच्या शेवटी शोभते, पण मुलाखतीत शिफारस विचारल्यावर तेच दिले तर पुढे बोलण्यासारखे फारसे उरत नाही. वर्षानुवर्षे अचूकतेचे संस्कार झालेल्या माणसाला हे काहीसे बेजबाबदारपणाचे वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून उत्तराबरोबरच ते कशाने चुकीचे ठरेल हेही सांगण्याची सवय लावावी. त्यामुळे मनाची बोचणी कमी होते आणि उत्तराचे वजनही वाढते.

केस मुलाखतीचा सराव जोडीदाराशिवाय होत नाही. मॅकिन्झीत केस बहुधा मुलाखत घेणारा पुढे नेतो आणि एकेक प्रश्न विचारतो. बीसीजी आणि बेनमध्ये दिशा ठरवण्याची जबाबदारी बहुधा उमेदवारावर असते. दोन्ही पद्धतींचा अनुभव घ्यावा. तीस ते चाळीस केसेस मन लावून केल्या तर पुरे होतात. शंभर केसेस उरकून ठरावीक चौकटी प्रत्येक प्रश्नावर चिकटवणाऱ्याची पाठांतरे लगेच ओळखू येतात. प्रत्येक सरावानंतर निदान वीस मिनिटे चुकांवर घालवावीत आणि त्या एका वहीत प्रकारानुसार नोंदवाव्यात, म्हणजे दहाव्या केसपर्यंत आपली चूक हिशेबात होते, विभागणीत होते की शेवटच्या शिफारशीत, हे स्पष्ट दिसू लागते. बाजारपेठेचा आकार अंदाजाने काढण्याचे प्रश्न वेगळे करावेत. त्यांत उत्तराच्या आकड्यापेक्षा तिथवर जाण्याचा मार्ग पाहिला जातो, आणि आलेला आकडा दुसऱ्या बाजूने पडताळून पाहणारा उमेदवार लक्षात राहतो. काही सराव स्वतः मुलाखत घेणारा होऊनही करावा, कारण समोरच्याची अस्पष्ट विभागणी ऐकताना आपली स्वतःचीही ऐकू येऊ लागते.

रेझ्युमे एका पानाचा असावा आणि तो आपल्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला वाचून समजावा. संशोधकांच्या कागदावर शोधनिबंधांची यादी असते आणि शिक्षकांच्या कागदावर विषयांची. दोन्हींतून त्या माणसामुळे काय बदलले हे कळत नाही. ‘प्रयोगशाळेत नमुन्यांची तपासणी केली’ या ओळीऐवजी ‘तपासणीचा क्रम बदलून प्रत्येक नमुन्याचा वेळ ५ तासांवरून ३ तासांवर आणला आणि ती पद्धत चार सहकाऱ्यांना शिकवली’ असे लिहिता आले, तर वाचणाऱ्याला विश्लेषण, परिणाम आणि माणसांशी काम करण्याची क्षमता एकाच ओळीत दिसते. आकडा खरा असावा, आणि मुलाखतीत त्यावर पाच मिनिटे बोलता यावे.

ओळखीचा भाग अनेकांना संकोचाचा वाटतो. आपल्याच विद्याशाखेतून कन्सल्टिंगमध्ये गेलेली आठ-दहा माणसे शोधावीत आणि त्यांना अगदी लहान, नेमका संदेश पाठवून पंधरा मिनिटे मागावीत. त्या बोलण्यात नोकरी मागू नये. त्यांचा पहिला प्रकल्प कोणता होता, पूर्वीच्या शिक्षणाचा कुठे उपयोग झाला आणि कुठे अडचण झाली, हे विचारावे. शिफारस मिळाली तर रेझ्युमे निदान काळजीपूर्वक वाचला जाण्याची शक्यता वाढते. त्यापुढचे सगळे आपल्यालाच करायचे असते.

ऑनलाइन चाचण्यांचे स्वरूप अर्जाआधीच तपासावे, कारण ते कंपनीनुसार बदलते. मॅकिन्झीच्या ‘सॉल्व्ह’ची रचना खेळासारखी असते, तर बीसीजीच्या ऑनलाइन केसमध्ये चॅटबॉट प्रश्न विचारतो.

वैयक्तिक अनुभवांच्या प्रश्नांसाठी पाच-सहा प्रसंग लिहून ठेवावेत: विरोध करणाऱ्याचे मन वळवले तो, अपयश आले तो, अधिकार नसताना गट पुढे नेला तो. मॅकिन्झीत एकाच प्रसंगावर दहा-पंधरा मिनिटे खोदून विचारतात, त्यामुळे उसना किंवा फुगवलेला प्रसंग टिकत नाही. ‘आम्ही’ या शब्दाआड लपण्याची सवय असेल तर प्रत्येक प्रसंगात ‘मी’ नेमके काय केले ते अधोरेखित करून ठेवावे. आपले क्षेत्र का सोडता, हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचे उत्तर जुन्या कामाविषयीच्या तक्रारींनी कधीही सुरू करू नये. प्रवास, लांबलेले दिवस आणि ठरावीक काळात बढती न मिळाल्यास बाहेर पडावे लागण्याची या क्षेत्रातील जुनी प्रथा आपल्याला मान्य आहे का, हेही याच टप्प्यावर घरच्यांशी बोलून घ्यावे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी नवी केस करू नये. कोरे कागद, दोन पेने आणि मुलाखत घेणाऱ्याला विचारायचे तीन खरे प्रश्न तयार ठेवावेत. मुलाखत ऑनलाइन असेल तर कॅमेरा आणि आवाज तपासून घ्यावा. मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी विचारलेले प्रश्न, अडलेल्या जागा आणि आपली उत्तरे वहीत उतरवावीत, कारण दोन दिवसांनी त्यांतील निम्मे आठवत नाही. नकार आला तर नेमका अभिप्राय नम्रपणे मागावा, तो त्याच पानावर लिहावा, आणि त्याखाली पुन्हा अर्ज करता येण्याची तारीख टाकून ठेवावी.