पेशंटजवळ बसताना या चुका टाळा: औषधांना न जुमानणारा संसर्ग आणि नातेवाईकांचे हात

खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी भागातला गंभीर पेशंट सहसा एकाच दवाखान्यात बरा होऊन घरी येत नाही. आधी गावातले डॉक्टर, मग तालुक्याचं नर्सिंग होम, मग बेळगाव, आणि तिथूनही कधी मिरज नाहीतर कोल्हापूर. प्रत्येक ठिकाणी नवं अँटिबायोटिक सुरू होतं. शेवटच्या ठिकाणी कल्चरचा, म्हणजे जंतू कुठला आणि त्यावर कुठलं औषध चालतं हे बघणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हातात येतो, तेव्हा एकेका औषधापुढे ‘आर’ लिहिलेलं असतं, म्हणजे ते औषध या जंतूवर चालणार नाही.

अशा जंतूंच्या संसर्गाने २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख माणसांचा थेट बळी घेतला. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास, एमआरएसए ही त्यातली नेहमीची नावं. आयसीयूतला, नळ्या लावलेला, ऑपरेशनची जखम असलेला माणूस त्यांच्या तावडीत लवकर सापडतो. डॉक्टर-सिस्टरांनी काय करायचं याचे नियम आहेतच. पण खाटेजवळ रात्रंदिवस बसलेलं असतं घरचं माणूस, आणि त्याला कुणी काही समजावून सांगत नाही.

कागद मागे राहतात, जंतू सोबत येतो

माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नवे डॉक्टर विचारतात, “आधी कुठलं इंजेक्शन चालू होतं?” उत्तर येतं, “हेवीतलं होतं.” एवढ्यावर डॉक्टर काय ठरवणार? आधी देऊन झालेलं आणि लागू न पडलेलं औषध पुन्हा सुरू होऊ शकतं, आणि मोलाचे दोन दिवस हातचे जातात.

म्हणून प्रत्येक नव्या अँटिबायोटिकच्या बाटलीवरच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढा. कधी सुरू झालं, कधी बंद झालं, ते वहीत लिहा. फॉर्मवरचं कन्नड वाचता येत नसेल तर सिस्टरांना विचारा, संकोच करू नका. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी “कल्चर पाठवलंय का?” हेही विचारा. त्याचा रिपोर्ट यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात, आणि नेमका तेवढ्यात पेशंट दुसरीकडे हलवलेला असतो. जुन्या दवाखान्यात फोन करून तो रिपोर्ट मागवून घ्या. कुणीतरी एकाने हे काम अंगावर घ्यावं, नाहीतर सगळे एकमेकांवर सोडतात आणि रिपोर्ट तिथेच पडून राहतो.

नव्या ठिकाणी पोचल्या पोचल्या सांगा: “पेशंट आयसीयूत होता, इतके दिवस नळी होती.” त्यावरून ते तपासणी करतील, कदाचित वेगळ्या खोलीत ठेवतील, गाऊन-ग्लोव्हज घालून आत येतील. आमच्या माणसाला वाळीत टाकलं म्हणून भांडू नका. शेजारच्या खाटेवरही कुणाचा तरी बाप झोपलेला असतो.

लघवीची पिशवी

पेशंटला एक्स-रेला न्यायचं असतं. वॉर्डातले मामा स्ट्रेचर आणतात, आणि पिशवी मध्ये येते म्हणून घरचंच कुणीतरी ती उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतं. पिशवीत साचलेली लघवी नळीतून उलटी मूत्राशयात जाते, आणि जाताना जंतू घेऊन जाते. पिशवी कायम कमरेच्या खालच्या पातळीत हवी, पण फरशीवर चपलांशेजारी लोळायला नको. खाटेच्या कडेला अडकवा. ती रिकामी करताना खालची तोटी भांड्याला टेकू देऊ नका, आणि शेजारच्या पेशंटचं भांडं तर अजिबात वापरू नका. नळी आणि पिशवीचा जोड स्वतः कधीही काढू नका.

नळी जितके दिवस आत, तितका धोका जास्त. दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के पेशंटांच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात. म्हणून राऊंडला डॉक्टर आले की रोज विचारा, “नळी अजून लागते का?” सलाईनच्या सुईबद्दलही हेच. तिथे लाली, सूज किंवा दुखणं दिसलं तर लगेच सांगा.

उलट, नळी असताना लघवी नुसती गढूळ दिसली आणि ताप वगैरे काही नसलं, तर अँटिबायोटिकचा हट्ट धरू नका. ऑपरेशननंतर इंजेक्शन लवकर बंद केलं तरी घाबरू नका. बऱ्याच ऑपरेशनांना चीर देण्याआधीचा डोस पुरतो, पुढे चालू ठेवून फायदा होत नाही, जंतू मात्र चिवट होतात.

हात

१८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आजही याहून मोठा उपाय नाही. सॅनिटायझर घेतलं तर २० ते ३० सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्याला चोळा. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद द्या. पेशंटला जुलाब असतील तर साबणच वापरा, कारण काही जंतूंचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. खाटेच्या दांडीवर ॲसिनेटोबॅक्टर कित्येक दिवस जिवंत राहतो, म्हणून नुसता दांडीला हात लागला तरी धुवा.

डॉक्टर-सिस्टरांना सांगायला आपली जीभ अडखळते. “सिस्टर, हात धुवून मग हात लावता का?” इतकं नरमाईने विचारलं तर चांगल्या सिस्टर रागावत नाहीत.

भेटायला आख्खी गल्ली येते. माया असते, मान्य आहे. पण खाटेवर बसू नका, तान्ह्या पोरांना आणू नका, आणि ओळखीचे आहेत म्हणून एका पेशंटवरून दुसऱ्याकडे हात न धुता जाऊ नका.

घरी आल्यावर

डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस गोळ्या घ्या, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. उरलेली पाकिटं पुढच्या सर्दीला काढू नका. सर्दी बहुतेक वेळा विषाणूने होते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. शेड्यूल एच-वन या सरकारी औषध-यादीतली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकायला मार्च २०१४ पासून बंदी आहे, आणि मेडिकलवाल्याला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते.

ऑपरेशननंतर ३० दिवसांत, सांधा किंवा रॉड बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत, जखम लाल झाली, पू आला, थंडी वाजून ताप आला, तर मेडिकलमधून गोळी आणून वाट बघू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच, वही आणि फोटो घेऊन, त्याच दिवशी जा.