सॅटेलाइट इमेजवर आगीचा धूर ट्रॅक कसा करायचा

नासाची वर्ल्डव्ह्यू साइट उघडा, फुकट आहे. 'करेक्टेड रिफ्लेक्टन्स' नावाखालची ट्रू कलर लेअर लावा, म्हणजे डोळ्यांना दिसतात तसे रंग दिसतात, तारीख निवडा (ती युटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे असते), आपला भाग झूम करा. झालं.

मग आगीच्या लाल ठिपक्यांची लेअर लावा. व्हिअर्स आणि मोडिस हे सॅटेलाइटवरचे दोन सेन्सर, त्यातली व्हिअर्सची ३७५ मीटरवालीच घ्या, मोडिसचा पिक्सेल १ किलोमीटरचा, त्यात लहान आगी सुटतात. आणि कृपा करून ठिपके मोजत बसू नका. ठिपके कमी म्हणजे धूर कमी हे जे सगळीकडे सांगतात ना, ते साफ चूक आहे. व्हिअर्स ज्यावर बसवलाय तो नोआ-२० सॅटेलाइट दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास जातो, संध्याकाळी पेटून दोन तासात विझलेली आग त्याला दिसतच नाही, पण तिचा धूर दुसऱ्या दिवशीही हवेत असू शकतो. दाट ढगाखालची आगही अशीच सुटते. ठिपक्यांवरून धूर कुठून निघाला असेल एवढाच अंदाज घ्या.

आता खरी अडचण, धूर कुठला आणि ढग किंवा धुकं कुठलं. मी एकदा तीन दिवस एका पांढुरक्या पट्ट्याला धूर समजून बसलो होतो, नकाशावर बाण काढले, ओळखीच्या लोकांना बाहेर पडू नका म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळच्या दहा-दहा मिनिटांच्या इमेज एकापाठोपाठ लावल्या तेव्हा कळलं की पट्टा जागचा हलतच नाहीये, नुसता कडेकडून आत आटतोय, आणि आकार बघितला तर नदीच्या खोऱ्याचा, ओढ्यांच्या फाट्यांसकट. धुकं होतं ते. लोक माझ्या शब्दावर घरात बसून राहिले होते, तेव्हापासून एका इमेजवर मी काहीही ठरवत नाही.

रंगावर फार भरवसा ठेवू नका. धूर साधारण करडा, निळसर नाहीतर तपकिरी, कडा विरलेल्या, पातळ असेल तर खालची जमीन अंधुक दिसते, हे खरं, पण इमेजच्या कडेला सगळंच दुधाळ दिसतं. त्यापेक्षा मोडिसची ७-२-१ बँडवाली लेअर (यात डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशही वापरलेला असतो) लावा आणि कंपेअर मोडमध्ये ट्रू कलरच्या शेजारी ठेवून पट्टी इकडून तिकडे सरकवा. धुराचे कण इतके बारीक असतात की शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड त्यातून बरंचसं आरपार जातं, त्यामुळे पातळ धूर गायब होतो आणि खालची जमीन लख्ख दिसते. ढग, धुकं जागेवरच राहतं. आगीच्या तोंडाशी धूर फार दाट असेल तर तो या लेअरमध्येही थोडा उरतो, आणि धुळीचे कण मोठे असल्यामुळे धूळही उरते, तेवढं ध्यानात असू द्या.

तरी शंका राहिली तर हिमावारी किंवा गोज या एकाच भागावर कायम नजर ठेवणाऱ्या सॅटेलाइटपैकी जो तुमच्या भागावर असेल त्याच्या दर १० मिनिटांच्या इमेज चालवून बघा. धूर वाऱ्याबरोबर वाहतो, पसरतो. फक्त दुपारी सूर्य डोक्यावर आला की धूर फिका पडल्यासारखा वाटतो, संध्याकाळी परत गडद होतो. प्रकाशाच्या कोनामुळे होतं ते, हवा स्वच्छ झाली असं समजू नका.

पुढे एरोसोल ऑप्टिकल डेप्थची लेअर लावा, हवेतले कण किती प्रकाश अडवतात त्याचा तो आकडा. त्यात भोकं दिसली तर तिथे हवा चांगली असं म्हणू नका, बऱ्याचदा दाट धुरालाच ढग समजून तो भाग गाळलेला असतो. आणि हा आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा आहे. धूर तीन किलोमीटर उंचावरून चालला असेल तर इमेज भयंकर दिसेल आणि खाली श्वास घेणाऱ्याला काही जाणवणारही नाही. त्यामुळे जमिनीवरच्या मीटरचं पीएम २.५ बघितल्याशिवाय कोणालाही घाबरवू नका आणि निर्धास्तही करू नका.

ढगांच्या वर चढलेला धूर शोधायचा असेल तर सेंटिनेल-५पी सॅटेलाइटचा एरोसोल इंडेक्स बघा, जमिनीलगतच्या धुराला तो कच्चा आहे.

धूर आला कुठून ते बघायला नोआ या अमेरिकन हवामान संस्थेचं हायस्प्लिट मॉडेल, त्यात बॅकवर्ड ट्रॅजेक्टरी, म्हणजे हवा कुठून आली त्याची मागे जाणारी रेषा, ५०० आणि १५०० मीटर दोन्ही उंचींवर चालवा. दोन्ही रेषा एकाच दिशेच्या ठिपक्यांकडे गेल्या तरच त्या आगीचं नाव घ्या. इमेज सेव्ह करताना सॅटेलाइटचं नाव आणि वेळ फाइलच्या नावातच टाका.