चिऱ्याच्या घरात मागच्या पडवीपर्यंत वाय-फाय

आमचं कुडाळजवळचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, भिंती सव्वा फूट जाड. फायबर आलं तेव्हा जोडणाऱ्याने राउटर ओटीवर मीटरशेजारी ठोकला. आई मात्र दिवसभर मागे, स्वयंपाकघरात नाहीतर पडवीत. पुण्याहून व्हिडिओ कॉल लावला की म्हणायची, "तुझा तोंड दिसता, पण आवाज येना नाय." मे महिन्यात आठ दिवस राहून मी ते नीट करून आले. तुमचंही घर असं असेल तर हे करून बघा.

आधी मोजा. फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझरचं एखादं अ‍ॅप घेऊन घरभर फिरा. आकडा उणे येतो: -50 उत्तम, -67 पर्यंत कॉल नीट चालतो, -80 ला तुटतो. आमच्या चुलीपाशी -84 होता. मधे दोन भिंती आणि लोखंडी कपाट! पावसात चिरा पाणी धरतो तेव्हा आणखी घट होते, हेही धरून चाला.

रिपीटर, म्हणजे सिग्नल उचलून पुढे पाठवणारा डबा, घेऊ नका. तो बिचारा सिग्नल जिथे अशक्त आहे तिथूनच उचलतो, आणि साधा असेल तर घेण्यादेण्यात वेग निम्म्यावर येतो. जाड भिंतीला उत्तर वायरच. मी कॅट-6 ची, म्हणजे नेटवर्कची, 20 मीटर केबल माळ्यावरून स्वयंपाकघरात उतरवली आणि टोकाला जुना राउटर लावला. (ही केबल 100 मीटरपर्यंत चालते, वाड्यातलं कुठलंही घर त्यात बसेल.)

खरी गोम जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये आहे, तिथे घाई करू नका. तो रीसेट करून लॅपटॉपला केबलने जोडा आणि पाठीवरच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. पुढचा राउटर 192.168.1.1 वर असेल तर याला 192.168.1.2 द्या. मग त्याचं डीएचसीपी (घरातल्या फोनना नेटवर्कचा पत्ता देण्याचं काम) बंद करा, नाहीतर दोघेही पत्ते वाटत बसतात आणि फोन गोंधळतो. माळ्यावरची केबल त्याच्या लॅन पोर्टात (घरातल्या जोडणीच्या) घाला, वॅनमध्ये (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या) नाही. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच, चॅनल मात्र वेगळे: एकाला 1, दुसऱ्याला 11. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये 1, 6 आणि 11 हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

चुलीपाशी आता -45 आहे.

त्यानंतरच मी न्हाणीजवळ स्मार्ट बल्ब लावला, रात्री आईला अंधारात बटण शोधावं लागू नये म्हणून. असे बल्ब आणि प्लग बहुतेक 2.4 वरच चालतात. फोन 5 गिगाहर्ट्झवर असेल तर काहींची जोडणी होत नाही, तेव्हा जोडताना तेवढ्यापुरतं 5 बंद ठेवा. विहिरीच्या पंपाला मात्र साधा स्मार्ट प्लग कधीही लावू नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. ते काम वायरमनकडून कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेपणारा स्विच) बसवूनच करून घ्या.

लाइट गेली तरी कॉल चालावा म्हणून दोन्ही राउटरना छोटे यूपीएस घेतले. घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचा, आमचे 12 व्होल्टचे होते. फायबरमधून आकाशातली वीज येत नाही, पण प्लगमधून येते. म्हणून दोन्ही पिनांना लाल चिकटपट्टी लावून आईला दाखवून ठेवलंय: गडगडायला लागलं की या दोन काढायच्या, आणि माळ्यावरून आलेली वायरही राउटरमधून सोडवायची.