आउटबोर्ड गरम होतंय? आधी पाण्याची धार बघा

देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते त्या संगमावरची गोष्ट. ओहोटी लागलेली, होडीत सहा पर्यटक आणि मागे बाहेरून लावलेल्या आउटबोर्ड इंजिनचा बझर वाजायला लागला. मी तेव्हा नवीन होतो, घाबरून सरळ चावी बंद केली आणि होडी ओढीबरोबर वाळूच्या पट्टीकडे, जिथे लाटा फुटत होत्या तिकडे जायला लागली. काकांनी आधी नांगर टाकला, होडी धरली, मग मला एवढंच विचारलं, "धार येय होती?" मी बघितलीच नव्हती. त्यानंतर बरीच इंजिनं खोलली, त्यातून जे कळलं ते लिहितोय, कारण दर सीझनला कोणाचं तरी चांगलं इंजिन छोट्याशा दुर्लक्षामुळे जाम होतं आणि ते बघून जीव तुटतो.

आउटबोर्डला गाडीसारखा रेडिएटर नसतो. खाली पायाला, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या भागाला, जाळी असते तिथून समुद्राचंच पाणी आत ओढलं जातं, पायातला रबरी इम्पेलर, म्हणजे पंपाचं पात्यांचं चाक, ते वर ढकलतो, पाणी सिलेंडरभोवती फिरून सायलेन्सरच्या वाटेने खाली जातं आणि त्यातली थोडी धार मागे बाहेर पडते, फक्त तुम्हाला दिसावी म्हणून.

बझर वाजला की थ्रॉटल खाली आणि न्यूट्रल. मग पॅनेलवर लाइट कुठला लागलाय बघा, कारण फोर स्ट्रोकला ऑइलचं प्रेशर कमी झालं तरी बझर वाजतो, तसं असेल तर इंजिन ताबडतोब बंद. लाइट टेंपरेचरचा असेल तर मागे वळून धार बघा. धार अजिबात नाही, तर बंद करायचं, किनारा जवळ दिसतोय म्हणून ओढत न्यायचं नाही. धार आहे, तर दोनतीन मिनिटं स्लोवर ठेवून बझर थांबतो का बघा, नाहीच थांबला तर बंद. जवळ खडक किंवा फुटणाऱ्या लाटा असतील तर बंद करायच्या आधी नांगर सोडा, सगळ्यांना लाइफ जॅकेट घाला, आणि परिस्थिती हाताबाहेर जातेय वाटलं तर कोस्ट गार्डचा १५५४ लावा. तापलेल्या इंजिनवर बादलीने पाणी ओतू नका, ब्लॉकला तडा जाऊ शकतो. अर्धा तास तसंच राहू द्या.

आता शोध बाहेरून आत. किल स्विचची (इंजिन झटकन बंद करायच्या स्विचची) दोरी काढा, मग इंजिन वर उचला आणि जाळी बघा. खाडीत तर बहुतेक वेळा प्लास्टिकची पिशवीच चिकटलेली मिळते. पिशवी ओढीने चिकटलेली असते, इंजिन बंद केलं की कधीकधी आपोआप सुटून पडते आणि पुढे जाऊन परत तोच प्रकार, म्हणून पाण्यात पण नजर टाका. पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकलाय का तेही बघा. आणि उथळ पाण्यात आपण ट्रिम वर घेतो, म्हणजे इंजिन थोडं तिरपं उचलतो, त्यात जाळी पाण्याच्या वर आली की इंजिन हवाच ओढतं, ओहोटीला खाडीत हे फार होतं.

जाळी साफ आहे, तर धारेचं भोक. त्यात मीठ, वाळू, कुंभारमाशीचं घर काहीही बसतं. जाडसर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) घालून हलक्या हाताने फिरवा, लोखंडी तार शक्यतो नको. नुसतं भोक बुजलेलं असेल तर इंजिन खरं गरम झालेलंच नसतं, फक्त धार दिसत नाही.

उलटही होतं, धार जोरात असते आणि तरी बझर वाजतो. धारेत हात धरायचा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला किंवा वाफ दिसली तर आत गडबड आहे.

धार बारीक, तुटक, तर नव्वद टक्के संशय इम्पेलरवर घ्या. त्याची रबराची पाती हाउसिंगमध्ये एका बाजूला दाबून बसलेली असतात. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस इंजिन घरात उभं, तेवढे दिवस पाती दुमडलेली राहिली की मग सरळच होत नाहीत. मी एकदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक काढला होता, सुकलेल्या कोकमाच्या सालीसारखा कडक, बोटाने पात वाकवलं तर बुडाशी चीर दिसली. शिवाय संगमावर वाळूचं पाणी, ती वाळू पात्यांची कड घासून काढते. त्यामुळे दर सीझनच्या सुरुवातीला नवीनच टाकायचा, जुना चांगला दिसतोय म्हणून परत बसवायचा नाही.

बदलायला खालचा पाय उतरवावा लागतो. स्टार्ट होऊ नये म्हणून प्लगच्या वायरी काढा. शिफ्ट रॉड (गिअर बदलणारी दांडी) सोडवण्याआधी गिअर कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही मॉडेलला ट्रिम टॅबच्या (पंख्याच्या वरच्या छोट्या पंखासारख्या तुकड्याच्या) खाली एक बोल्ट लपलेला असतो, तो न काढता हातोडी मारून पाय फोडलेले लोक मी बघितलेत. पाय उतरला की वर पंपाचं हाउसिंग दिसेल, ते उघडून इम्पेलर काढा, शाफ्टवरची बारीक चावी (इम्पेलरला शाफ्टबरोबर फिरवणारा धातूचा तुकडा) पडणार नाही असं बघा. जुन्याची पाती मोजा. एखादं तुटून गायब असेल तर तो तुकडा वर पाण्याच्या वाटेत किंवा थर्मोस्टॅटपाशी (इंजिन तापल्यावर उघडणाऱ्या पाण्याच्या वॉल्व्हपाशी) अडकलाय, तो सापडेपर्यंत काम संपलेलं नाही. इम्पेलर ज्यात बसतो तो कप आणि खालच्या प्लेटवर नख फिरवा, चरे लागत असतील तर तेही बदला, नाहीतर नवा इम्पेलर पण पाणी नीट उचलत नाही. नवीन बसवताना साबणाचं पाणी लावा आणि हाउसिंग दाबताना शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, पाती बरोबर वळतात. गॅस्केट नवीन. आणि पाण्याशिवाय टेस्टिंग नको, काही सेकंदातच रबर जळायला लागतं, ड्रममध्ये पाणी भरून पाय त्यात बुडवा मगच स्टार्टर मारा.

इम्पेलर चांगला आणि तरी गरम, तर थर्मोस्टॅट. काढून पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याने टांगा, थर्मामीटर लावा आणि तापवा. बऱ्याच आउटबोर्डचा ५० अंशाच्या आसपास उघडायला लागतो, नेमका आकडा त्याच्यावर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. उघडत नसेल तर नवीन टाका. काढून फेकून देणारे आपल्याकडे बरेच आहेत, मला ते अजिबात पटत नाही, इंजिन थंडच राहतं, प्लग काळे होतात, फोर स्ट्रोकच्या ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं.

टू स्ट्रोकवाल्यांनी ऑइलचं प्रमाण पण बघा. कंपनीने ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, अंदाजे नको. आणि फोर स्ट्रोकची डिपस्टिक दुधासारखी पांढरट आली तर पाणी आत शिरलंय, तिथे आपलं काम थांबवा आणि मेकॅनिककडे न्या.

मोठ्या लाँचच्या आतल्या डिझेलला बहुतेक दोन पाणी असतात, आतलं कूलंट आणि त्याला थंड करणारं समुद्राचं. तिथे आधी समुद्राच्या पाण्याचा वॉल्व्ह उघडा आहे का, गाळणीत कचरा आहे का, पंपाचा बेल्ट ढिला आहे का हे बघा. कूलंटचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

मीठ आत साठू नये म्हणून रोज संध्याकाळी होडी वर घेतल्यावर जाळीवर मफ (नळाची नळी जोडायचे रबरी कप) लावून दहा मिनिटं गोड्या पाण्याने फ्लश करा, न्यूट्रलमध्ये, स्लोवर, आणि नळ आधी चालू मग इंजिन. होडीत एका घट्ट झाकणाच्या डब्यात एक इम्पेलर, शाफ्टची एक चावी, गॅस्केट, हातभर तंगूस आणि पायाच्या बोल्टच्या मापाचे पाने ठेवा. आमचा डबा मागच्या फळीखाली नांगराच्या दोरीशेजारीच असतो, अंधारात पण हाताला लागतो.