ऑटोक्रॉससाठी गाडी तयार करताय? सस्पेन्शन आणि टायरच्या या चुका टाळा

ऑटोक्रॉस म्हणजे आखलेल्या छोट्या वाटेवर एकेका गाडीची घड्याळाशी स्पर्धा. पहिल्यांदा त्यात उतरणाऱ्यांचे पैसे बहुतेक वेळा उलट्या क्रमाने जातात. आधी लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारी), मग मोठी अलॉय चाकं, मग जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी सळी), आणि टायर मात्र जुनेच, दगडासारखे कडक झालेले. खरा क्रम असा: टायर, हवा, झिजलेले बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे), अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). स्प्रिंगचा विचार त्यानंतर. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात कसलेले मेकॅनिक आणि लेथवाले भरपूर आहेत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हवा तो पार्ट बनवून मिळतो, म्हणूनच आधी काय बनवायचं हे ठरवलेलं बरं.

टायरचं वय न बघणं

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, रबर वयाने कडक होतं आणि पकड सोडतं. नवे टायर घ्यायचेच असतील तर रुंदीआधी रबर किती मऊ आहे ते विचारा.

हवा अंदाजाने भरणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण फुकटात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. पंपावर “अण्णा, चारी चाकं तीस करू काय?” असं विचारतात आणि आपण मान डोलावतो. त्या पंपाचा काटा किती खरा, कुणास ठाऊक. स्वतःचा एक गेज घ्या आणि कायम तोच वापरा.

मग खडू घ्या. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, बऱ्याच टायरना छोटा त्रिकोण असतो. नक्षीच्या कडेपासून त्रिकोणाच्या खालीपर्यंत तीन-चार ठिकाणी खडूच्या रेघा ओढा आणि एक फेरी मारून या. रेघ त्रिकोणाच्याही खाली पुसली गेली, तर टायर कुशीवर लोळतोय, हवा वाढवा. नक्षीच्या कडेलाच रेघ शाबूत राहिली, तर हवा जास्त आहे, दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी करा. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळे वाचा. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या स्विफ्ट किंवा पोलोसारख्या गाडीत पुढच्या बाहेरच्या टायरवर सगळा भार येतो.

रेस ट्रॅकवरच्या गाडीचे आकडे उचलू नका. तिथे फेऱ्यांमागून फेऱ्या मारून टायर तापतो आणि हवा वाढते, म्हणून सुरुवात कमी हवेने करतात. ऑटोक्रॉसची फेरी थोडक्यात संपते, टायर तेवढा तापतच नाही. त्याउलट आपल्याकडचं ऊन मात्र धरावं लागतं. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढतो, आणि उन्हाच्या बाजूचे टायर सावलीतल्यांपेक्षा जास्त दाखवतात. सकाळची हवा दुपारच्या फेरीआधी परत मोजा.

परदेशी व्हिडिओतलं सेटिंग आपल्या मातीवर

ते सेटिंग गुळगुळीत डांबर किंवा काँक्रीटसाठी असतं: कडक स्प्रिंग, खाली बसवलेली गाडी, तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला). आपल्याकडे ऑटोक्रॉस बऱ्याचदा मातीवर होतं. खानापूरकडच्या तांबड्या मुरमात चाकाखाली खडे गोळ्यांसारखे फिरतात. चिकोडी-अथणीकडची काळी माती सुकली की टणक, ओली झाली की नक्षीत भरून टायर गुळगुळीत करून टाकते. अशा जागी उंची ठेवा, स्प्रिंग मऊ ठेवा, अँटी-रोल बार सैल बरा आणि टायर ठोकळेदार नक्षीचा घ्या. आधी जागा बघून या, मग पाना उचला.

स्प्रिंग कापणं

हे करूच नका. कापलेली स्प्रिंग चाक उचललं की जागेवर सैल पडते, आणि भर वळणात शॉकअप बंप स्टॉपवर (दबण्याच्या शेवटी असलेल्या रबरी ठोकळ्यावर) आदळतो. त्या क्षणी स्प्रिंग असून नसल्यासारखी होते आणि गाडी पुढून सरळ बाहेर पळते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत, म्हणजे स्प्रिंग-शॉकअप एकत्र असलेल्या सस्पेन्शनच्या गाडीत, आणखी एक घोटाळा आहे. गाडी फार खाली आणली की लोअर आर्म (चाक खालून धरणारा दांडा) चाकाकडे वर चढता होतो. मग गाडी कलते तेव्हा मिळायला हवा तो कॅम्बर उलट जातो आणि टायरची फक्त बाहेरची कड घासते. दिसायला रुबाबदार, पळायला हळू.

बुश लटकत्या चाकावर आवळणं

लोअर आर्मचे नवे रबर बुश टाकून गाडी लिफ्टवर असतानाच बोल्ट घट्ट करायची सवय सगळीकडे आहे. गाडी खाली आली की रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. बोल्ट नुसता लावा, गाडी चाकांवर उतरवा, वजन आलं की मग आवळा. मेकॅनिक कंटाळला तरी उभं राहून करून घ्या.

अलाइनमेंटच्या कागदावर सगळं हिरवं, म्हणून खूश

हिरवं म्हणजे कंपनीच्या मर्यादेत, एवढंच. त्या मर्यादेत डावं-उजवं वेगळं असू शकतं. चालवणारा सीटवर बसवून मोजा. कॅम्बर आधी, टो (वरून बघता चाकांची तोंडं आत की बाहेर वळलेली) शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. कॅम्बर बोल्टने साधारण एक-दीड अंश मिळतो. पुढे एक-दोन मिलीमीटर टो-आउट (तोंडं बाहेर) दिला तर गाडी वळणात पटकन शिरते, पण त्याच गाडीने रोज बेळगाव-कोल्हापूर करणार असाल तर टायरची आतली कड खाल्ली जाईल.

लक्षण न ओळखता पार्ट बदलणं

वळणात शिरतानाच पुढून पळत असेल तर आधी ब्रेक लवकर मारून बघा. वळणातून निघताना आतलं पुढचं चाक नुसतं फिरत असेल तर पुढचा अँटी-रोल बार कडक करू नका, मागचा करा. मागचं आतलं चाक हवेत उचललं गेलं तर घाबरू नका, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांत ते होतंच. शॉकअपला क्लिक (कडकपणा बदलायच्या पायऱ्या) असतील तर मऊ बाजूने सुरुवात करा, डाव्या-उजव्या दोन्हीकडे सारखेच क्लिक वाढवा. रिबाउंड (दबलेला शॉकअप परत लांब होणं) फार कडक झाला की खड्ड्यांवर गाडी खाली खाली बसत जाते.

एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. वेळ सुधारली की एकदा जुन्या सेटिंगवर परत जाऊन बघा, कारण दिवस चढतो तसा चालवणाराही सुधारतो आणि वाटही घासून बदलते.

घरी निघायच्या आधी चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासा आणि हवा दारावरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यावर आणा. ऑटोक्रॉसच्या हवेवर, भरलेल्या गाडीने, तवंदी किंवा चोर्ला घाट उतरायचा नसतो.