खाण एकाची, रूळ दुसऱ्याचे: आफ्रिकेतल्या वसाहतकालीन कंपनीचा इतिहास कसा जुळवावा

मनसरचं मँगनीज आणि बंगाल नागपूर रेल्वे ठाऊक असलेल्या नागपूरकराला खनिज आणि रुळांचं नातं शिकवायला नको. पण आफ्रिकेतली कंपनी अभ्यासाला घेतली की एक चूक हमखास होते: खाण आणि रेल्वे एकाच मालकाची धरली जाते. सरावासाठी लंडनची टांगानिका कन्सेशन्स ही कंपनी घ्या.

आधी चार रकाने आखा: सवलत (म्हणजे खाणीचा किंवा रेल्वेचा हक्क) देणारं सरकार, भांडवल उभारणारी कंपनी, खाण चालवणारी, रूळ टाकणारी. रॉबर्ट विल्यम्सने टांगानिका कन्सेशन्स 1899 मध्ये काढली. ती दुसऱ्या रकान्यात. काँगोतल्या कटांगाचं तांबं काढणारी युनियन मिनिएर 1906 ची, बेल्जियन. टांगानिका तिची भागीदार. अंगोलातल्या बेंग्वेला रेल्वेची 99 वर्षांची सवलत पोर्तुगालने 1902 मध्ये दिली. त्या कंपनीचे 90 टक्के शेअर्स टांगानिकाकडे, 10 टक्के पोर्तुगीज सरकारकडे. म्हणजे तीन कंपन्या आणि दोन सरकारं, काँगोचं आणि पोर्तुगालचं. खाण आणि रूळ या दोन्ही रकान्यांत एकच नाव आलं तर थांबा, कुठेतरी गल्लत झाली आहे.

मग माल कोणत्या वाटेने गेला ते वर्षवार लिहा. इथेच खरी मेख आहे. दक्षिणेच्या ऱ्होडेशियाकडून (आजचे झांबिया-झिम्बाब्वे) आलेले रूळ कटांगातल्या एलिझाबेथव्हिलला 1910 मध्ये पोचले आणि 1911 मध्ये तिथे तांबं वितळू लागलं. ते पूर्वेला, मोझांबिकमधल्या बैराच्या बंदराकडे गेलं. अंगोलाच्या लोबितो बंदराहून बेंग्वेला रेल्वेचं काम 1903 ला सुरू झालं खरं, पण सुमारे 1,344 किलोमीटरवरची काँगोची सरहद्द गाठायला 1929 उजाडलं आणि कटांगाशी जोड 1931 मध्ये मिळाली. ‘कटांगाचं तांबं बेंग्वेला मार्गाने समुद्राला’ हे वाक्य 1920 च्या प्रकरणात टाकलंत तर सगळंच फसलं. उशिराची कारणं शोधताना सवलतीच्या करारात गुंतवणूकदारांना सरकारकडून व्याजाची हमी आहे का, ते आधी पाहा. बंगाल नागपूर रेल्वेला अशी हमी होती, बेंग्वेलाला नव्हती. विल्यम्सला पैसा बाजारातून गोळा करावा लागला. त्यात पहिलं महायुद्ध आणि किनाऱ्यालगतचा खडा चढ.

आकडे उतरवताना एकक सोडू नका. ब्रिटिश टन 1,016 किलोचा, अमेरिकन 907 चा, मेट्रिक 1,000 चा. खनिज आणि शुद्ध तांबं यांचे आकडे कधीच एकत्र करू नका. बेंग्वेलाच्या दोन रुळांमधलं अंतर 1,067 मिलिमीटर. नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयातली गाडी पाहून अंदाज बांधाल तर चुकाल, ती 762 ची आहे. इंजिनं लाकडावर चालत, त्यामुळे रेल्वेच्या हिशेबात निलगिरीच्या लागवडीचा खर्च दिसला तर तो फालतू समजून वगळू नका, ते इंधन आहे.

नावांची जोडयादी हाताशी ठेवा: एलिझाबेथव्हिल म्हणजे लुबुम्बाशी, नोव्हा लिस्बोआ म्हणजे हुआंबो, सिल्व्हा पोर्तु म्हणजे कुइतो. जुन्या नकाशात शोधताना जुनंच नाव चालतं.

लाभांश वार्षिक अहवालात लगेच सापडतो, मजूर सापडत नाहीत. त्यांच्यासाठी कंत्राटदाराचा आणि वसाहत सरकारचा पत्रव्यवहार उघडा. 1907 च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या नाताळमधले भारतीय मजूर लोबितोच्या कामावर नेले होते, म्हणून नाताळच्या गिरमिट्यांच्या (करारबद्ध मजुरांच्या) नोंदीही तपासा. त्यात जिल्हा आणि गाव लिहिलेलं असतं.